इनपुट विकतचा, आउटपुट उद्यमबागेतला: एका प्रीॲम्पसाठी ट्रान्सफॉर्मर मिळवताना

बेळगावच्या वडगावात राहणारा एक तरुण घरातल्या माडीवर भजनं रेकॉर्ड करतो. दिवसा कारखान्यात नोकरी, संध्याकाळी हा उद्योग. आसपासची भजनी मंडळं, एखादा हार्मोनियमवाला, सणासुदीला गावाकडून आलेले गायक, असा त्याचा गोतावळा. त्याला व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचा) मायक्रोफोन प्रीॲम्प, म्हणजे मायक्रोफोनचा बारीक सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर, स्वतः बांधायचा होता, तोही जुन्या धाटणीचा, म्हणजे आत शिरताना एक ट्रान्सफॉर्मर आणि बाहेर पडताना दुसरा. व्हॉल्व्ह, त्यांचे बेस, कपॅसिटर, चेसिससाठी ॲल्युमिनियमचा पत्रा, सगळं त्याने जमवलं होतं. गाडी अडली होती ट्रान्सफॉर्मरपाशी. ते इथेच गुंडाळून मिळतील का, असं विचारत तो माझ्याकडे आला. उत्तर अर्धं होय आणि अर्धं नाही असं निघालं. कुठलं अर्धं होय हे कळायला मात्र बराच खटाटोप झाला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आधी त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. आजची चांगली प्रीॲम्प चिप या सगळ्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडते आणि आवाजालाही शांत असते. त्यावर तो म्हणाला, ‘तसला आहे की माझ्याकडं. खरं मला हाच पाहिजे.’ तो विषय तिथेच मिटला.

जागेची अडचण

वडगाव-शहापूर हा विणकरांचा भाग. याच्या माडीच्या भिंतीला लागून पलीकडे यंत्रमाग आहेत. माग सुरू असताना रेकॉर्डिंगचा प्रश्नच येत नाही, पण ते बंद झाल्यावरही वीज काही स्वच्छ होत नाही. एकाच लाइनवर पुढच्या गल्लीतल्या मोटरी चालू असतात. घरातलं अर्थिंग जुनं, म्हणजे तीन पिनांचा सॉकेट आहे एवढंच. साधा डायनॅमिक मायक्रोफोन गाणाऱ्यासमोर एक-दोन मिलिव्होल्ट देतो, तेवढ्या नाजूक सिग्नलला अशा घरात ५० हर्ट्झची गुणगुण चिकटायला वेळ लागत नाही.

ट्रान्सफॉर्मर इथे खरोखर कामाचा आहे. मायक्रोफोनच्या दोन्ही तारांवर सारखीच आलेली गुणगुण प्रायमरीत, म्हणजे सिग्नल शिरतो त्या गुंडाळीत, एकमेकींना छेदते; सेकंडरीला, म्हणजे सिग्नल बाहेर पडतो त्या गुंडाळीला, फक्त दोन तारांमधला फरक पोचतो. शिवाय मायक्रोफोनची बाजू आणि चेसिस यांच्यात तांब्याचा थेट संबंध राहत नाही. दुसरा फायदा व्हॉल्व्हच्या बाजूने. १५० ओमच्या मायक्रोफोनचा स्वतःचा औष्णिक नॉइज (उष्णतेमुळे होणारी सळसळ) २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण ०.२२ मायक्रोव्होल्ट असतो. ईसीसी८३ सारखा व्हॉल्व्ह स्वतःच याच्या कितीतरी पट सळसळतो. म्हणून १:१० चा ट्रान्सफॉर्मर आधी लावायचा. मायक्रोफोनचा सिग्नल दहापट, म्हणजे २० डीबी (डेसिबल), वाढून व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत, म्हणजे सिग्नल आत शिरण्याच्या टोकापर्यंत, येतो आणि व्हॉल्व्हची सळसळ मागे पडते. त्या बदल्यात १५० ओमचे शंभरपट, १५ हजार ओम होतात, पण व्हॉल्व्हच्या ग्रिडला त्याचं काही वाटत नाही.

हातात काय होतं

तो आला तेव्हा पिशवीत काही माल घेऊनच आला होता. ऑनलाइन मागवलेले ६००:६०० चे चिमुकले ट्रान्सफॉर्मर होते, नखाएवढ्या कोअरचे (गुंडाळीच्या आतल्या लोखंडाचे). हा माल मुळात टेलिफोन आणि मोडेमच्या कामाचा. तिथे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पोचवायचं असतं. त्यावर लाइन लेव्हलचा, म्हणजे प्रीॲम्पने वाढवलेला, पखवाज सोडला की कोअर भरून जातो आणि खालचा आवाज फाटतो. शिवाय १:१ असल्यामुळे इनपुटलाही निरुपयोगी. बाजूला ठेवले.

भंगारातल्या एका जुन्या व्हॉल्व्ह पीए (लाउडस्पीकरच्या) ॲम्प्लिफायरमधून काढलेला एक गोल डबीबंद नगही होता. त्यावर छाप नाही, नंबर नाही, फक्त चार तारा. एका बाजूला ऑडिओ जनरेटरने १ किलोहर्ट्झ देऊन दुसऱ्या बाजूला व्होल्टेज मोजलं तेव्हा गुणोत्तर १:१५ च्या जवळपास आलं. जुन्या सभा-समारंभांच्या ॲम्प्लिफायरमध्ये असे नग असत. भाषणाला ते ठीक, पण ६ किलोहर्ट्झच्या वर याची वाट लागत होती. गुंडाळ्यांमधल्या गळक्या (लीकेज) इंडक्टन्समुळे आणि हजारो वेढ्यांच्या कपॅसिटन्समुळे तसं होतं. आत शिरून दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

आणि डोक्यात होतं नीव्हचं १०७३. रूपर्ट नीव्ह यांचं १९७० चं हे प्रीॲम्प मॉड्यूल रेकॉर्डिंगच्या जगात दंतकथा होऊन बसलं आहे, त्याच्या नकला करण्यासाठी ट्रान्सफॉर्मरही विकत मिळतात. पण त्याचा आउटपुट टप्पा क्लास-ए आहे, म्हणजे त्यात सिग्नल नसतानाही प्रवाह चालू असतो, आणि त्याचा डीसी प्रवाह थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून वाहतो. म्हणून, कोअर डीसीनेच भरून जाऊ नये यासाठी, त्याला मोजूनमापून फट ठेवावी लागते. फट ठेवली की इंडक्टन्स घटतो, मग तो भरून काढायला लोखंड आणि तांबं वाढवायचं. स्थानिक वाइंडरकडून पहिल्याच फटक्यात हे करून घेणं मला शहाणपणाचं वाटलं नाही. व्हॉल्व्हच्या आराखड्यात यातून सुटका होती, ती पुढे येईलच.

वाइंडरकडे

बेळगावात गुंडाळणाऱ्या हातांची वानवा नाही. चिकोडी, हुक्केरी, अथणीकडच्या उसाच्या पट्ट्यात पंपाच्या मोटरी जळतात, वडगावात मागाच्या मोटरी जळतात, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या. रिवाइंडिंगवर पिढ्या जगल्या आहेत. आम्ही गेलो ते उद्यमबागेच्या बाजूचं लहानसं दुकान. मालक काका साठीचे, मोटरींबरोबर स्टॅबिलायझर आणि चार्जरचे ट्रान्सफॉर्मरही करतात. कानडी गिऱ्हाइकाशी कानडी, आमच्याशी मराठी, आणि तारेच्या गेजबद्दल दोन्हीकडे एकच भाषा.

इनपुटचा नमुना आधी करून बघायचं ठरलं. मला शंका होती, पण नुसत्या शंकेवर पोराला परदेशी माल घ्यायला लावणं बरं नव्हतं. १७ नंबरचं स्टॅम्पिंग (कोअरसाठी कापलेल्या पट्ट्या), म्हणजे मधली जीभ अर्ध्या इंचाची, प्रायमरी ३०० वेढे, सेकंडरी ३०००. काकांनी ४४ गेजची तार काढली आणि मशीनचा वेग अगदी उतरवला. ही तार केसासारखी, मोटरीच्या सवयीने ताण दिला तर टचकन तुटते. त्यांनी नमद्याच्या दोन तुकड्यांमध्ये ती धरली, डाव्या हाताच्या बोटांनी हळूच दाबत राहिले आणि उजव्या हाताने हँडल. वेढे मोजणाऱ्या काउंटरकडे ते बघतही नव्हते. तीन हजार वेढ्यांत तार एकदाही तुटली नाही.

काम सुरेख होतं, तरीही नमुना नापास झाला. तो कसा, तेच या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे.

ट्रान्सफॉर्मर बास किती खालपर्यंत पोचवेल हे प्रायमरीच्या इंडक्टन्सवर ठरतं. १५० ओमच्या स्रोताला १ हेन्री मिळाला तर ३ डीबीचा उतार २४ हर्ट्झच्या आसपास येतो, अर्धा हेन्री मिळाला तर ४८ च्या. इंडक्टन्स ठरतो वेढ्यांच्या वर्गावर आणि कोअरच्या पर्मिएबिलिटीवर, म्हणजे धातू चुंबकत्व किती सहज वाहून नेतो त्यावर. गोची अशी की सिलिकॉन स्टीलची पर्मिएबिलिटी स्थिर नसते. व्होल्टेज भरपूर असेल तर ती हजारांत असते, सिग्नल अगदी बारीक झाला की काहीशेवर येते. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला याची झळ कधी लागत नाही, कारण तो कायम भरपूर व्होल्टेजवर चालतो. मायक्रोफोन ट्रान्सफॉर्मरचा सगळा संसारच मिलिव्होल्टमध्ये.

आम्ही तेच मोजलं. प्रायमरीवर १०० मिलिव्होल्ट दिले तेव्हा नमुना २५-३० हर्ट्झपर्यंत नीट चालला. १ मिलिव्होल्टवर आणलं तर १४० हर्ट्झलाच ३ डीबी खाली. म्हणजे जोरात थाप पडली तर बास येणार आणि हळू पडली तर बारीक होणार. भजनाच्या रेकॉर्डिंगला याहून वाईट दोष नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून जो घुमारा आणलेला असतो, तोच नेमका आवाज उतरेल तसा गळणार.

काकांनी लगेच उपाय सुचवला. ‘वेढे वाढवू की. तिप्पट करतो.’ हिशेबाने बरोबर होतं, तिप्पट वेढ्यांनी इंडक्टन्स नऊपट होतो. पण मग सेकंडरी ९००० वेढ्यांची, आणखी बारीक तारेची. इतक्या वेढ्यांत थरांमधला कपॅसिटन्स एवढा वाढतो की वरचा आवाज ८-१० किलोहर्ट्झलाच बसतो. टाळ जातो. पखवाज वाचवायला टाळ घालवायचा, असा तो सौदा होता. दोन्ही राखायचे तर कोअरच बदलायला हवा. ८० टक्के निकेलचा म्यूमेटल किंवा पर्मॅलॉय अगदी बारीक सिग्नललाही वीस हजार आणि त्याहून जास्त पर्मिएबिलिटी देतो. कमी वेढ्यांत काम भागतं, आणि दोन्ही टोकं सुटतात.

अशा पट्ट्या बेळगावात कोणाकडे नव्हत्या. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत, ओळखीतून चौकशी केली. सीआरजीओचं, म्हणजे सिलिकॉन स्टीलचं, स्टॅम्पिंग हवं तेवढं घ्या, निकेलचं काउंटरवर नाही, असाच सूर निघाला. शिवाय म्यूमेटल कापल्यावर हायड्रोजनच्या भट्टीत तापवून मवाळ करावा लागतो. तापवल्यावर वाकवला, आपटला की गुण गेला. म्हणजे कुठून पट्ट्या मिळाल्या असत्या तरी त्या न दुखवता भरायची धास्ती होतीच. काकांचा हात कुठेही कमी पडला नव्हता, धातू नव्हता.

इनपुट: विकत

मग विकतचाच. पर्याय बरेच आहेत आणि ते चर्चेत फार घोळवले जातात. स्वीडनच्या लुंडालचा एलएल१५३८ आहे, १:५ चा. अमेरिकेतल्या जेन्सनचा जेटी-११५के-ई आहे, १:१० चा, १५० ओमपासून १५ हजार ओम. सिनेमॅग आहे, इंग्लंडचे सोटर आणि कार्नहिल आहेत. ‘कुणाचा आवाज गोड’ या वादात मी पडलो नाही. व्हॉल्व्हच्या ग्रिडला १:१० सोयीचा पडतो, म्हणून जेन्सन. चिप किंवा ट्रान्झिस्टरचा आराखडा असता तर १:५ किंवा त्याहून कमीच घेतला असता.

पैशांचा भाग थोडक्यात. एका नगाची किंमत तेव्हा शंभर डॉलरच्या घरात होती, त्यावर कुरिअर, आणि कस्टम ड्युटी व आयजीएसटी लागतात ते माल आणि भाडं मिळून धरलेल्या किमतीवर. म्हणजे मूठभर वजनाच्या नगाचं भाडंही कराला धरलं जातं, वर कुरिअरवाल्याची हाताळणी फी वेगळी. एक नग मागवणं सगळ्यात महाग. त्याला पुढे दुसरा चॅनेल बांधायचा होताच, म्हणून दोन इनपुट एकत्र मागवले. चॅनेल सध्या एकच बांधायचा.

पार्सल घरी आलं तेव्हा पोराने सवयीने मल्टीमीटर उचलला होता, तारा कुठल्या ते ओम लावून बघायला. थांबवलं. ओममीटर तारेतून डीसी सोडतो आणि निकेलचा कोअर तेवढ्यानेही चुंबकित होऊन बसतो. बास आणि डिस्टॉर्शन दोन्ही बिघडतात. झालंच तर मोठा लो-फ्रिक्वेन्सी सिग्नल देऊन तो सावकाश शून्यावर आणत कोअरचं चुंबकत्व उतरवावं लागतं. तारांचे रंग कागदावर छापलेले असतात, तेवढे वाचावेत आणि नग टेबलावरून पडू देऊ नये. फँटमच्या, म्हणजे कंडेन्सर मायक्रोफोनला त्याच्याच तारांवरून दिल्या जाणाऱ्या विजेच्या, बाबतीतही हेच कारण आहे. ४८ व्होल्टचे दोन ६.८ किलोओमचे रेझिस्टर एकमेकांशी ०.१ टक्क्यात जुळलेले हवेत, नाहीतर दोन्ही बाजूंचा डीसी असमान होऊन फरकाचा प्रवाह प्रायमरीतून वाहतो. त्याच्याकडे आज डायनॅमिक मायक्रोफोनच आहे, तरी जुळलेली जोडी आत्ताच बसवून घेतली.

आउटपुट: उद्यमबागेतला

आउटपुटला सिग्नल व्होल्टमध्ये असतो, त्यामुळे सिलिकॉन स्टीलचा दोष तिथे नडत नाही. अडचण होती ती डीसीची. व्हॉल्व्हच्या प्लेटचा (सिग्नल बाहेर पडण्याच्या टोकाचा) प्रवाह प्रायमरीतून गेला तर फट ठेवणं आलं. म्हणून प्लेटला रेझिस्टरवरून एचटी (व्हॉल्व्हला लागणारा जास्त व्होल्टेजचा डीसी) दिला आणि सिग्नल कपॅसिटरमधून ट्रान्सफॉर्मरला नेला. आता कोअरला डीसी दिसतच नाही. फट नको, ई आणि आयच्या पट्ट्या एकाआड एक उलटसुलट भरायच्या, जसं काका रोज भरतात. आराखडा वाइंडरच्या सवयीला जुळवून घेतला, एवढंच. या साऱ्या कामातला सगळ्यात उपयोगी निर्णय मला हाच वाटतो.

शेवटचा टप्पा ईसीसी८२, दोन्ही ट्रायोड समांतर. १५ हजार ओमवरून ६०० वर यायचं, म्हणजे इम्पीडन्सचं गुणोत्तर २५ आणि वेढ्यांचं त्याचं वर्गमूळ, ५:१. २३ नंबरचं सीआरजीओ स्टॅम्पिंग, १९ मिलिमीटर जिभेचं, तेवढीच थप्पी. प्रायमरी २५०० वेढे, ४२ गेज. सेकंडरी ५०० वेढे, ३६ गेज. अंदाजे ७० हेन्री मिळायला हवे होते. जास्तीत जास्त आवाजाला प्रायमरीवर ३० व्होल्टच्या आसपास येतात. २० हर्ट्झलाही कोअरमधला फ्लक्स ०.४ टेस्लाच्या आत राहतो, आणि सीआरजीओ दीड टेस्लापर्यंत कुरकुर करत नाही. ऐसपैस जागा.

काकांना पटवावी लागली ती एकच गोष्ट. ते नेहमी आधी पूर्ण प्रायमरी आणि वर सेकंडरी असं गुंडाळतात. इथे अर्धी प्रायमरी, मग सगळी सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी असं हवं होतं, म्हणजे दोन गुंडाळ्या एकमेकींना बिलगून राहतात आणि वरचा आवाज टिकतो. ‘दोनदा तार लावायची, दोनदा कागद,’ असं पुटपुटत त्यांनी केलं. मजुरी थोडी वाढवून मागितली, ती रास्तच होती.

पहिला नग मोजला तर इंडक्टन्स जवळजवळ नाहीच. पोराचा चेहरा उतरला. चित्रात त्याने दोन अर्ध्या प्रायमरींची सुरुवात आणि शेवट दाखवले नव्हते. जोडताना त्या एकमेकींविरुद्ध लागल्या, एकीचा फ्लक्स दुसरीने खाल्ला. नशिबाने चारही टोकं बाहेर काढलेली होती, दोन तारांची अदलाबदल केली आणि ७४ हेन्री आले. वार्निशमध्ये बुडवण्याआधी मोजून घ्या, हे काकांना मी सांगून ठेवलं होतं ते एवढ्यासाठीच.

स्क्वेअर वेव्ह दिल्यावर कोपऱ्यांवर थोडी थरथर दिसली. आजच्या ऑडिओ इंटरफेसचा लाइन इनपुट १० हजार ओमचा असतो, ६०० साठी केलेला ट्रान्सफॉर्मर त्यावर मोकाट सुटतो. सेकंडरीवर १.५ किलोओमचा रेझिस्टर कायमचा लावला, थरथर बसली.

जोडल्यावर

मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर वेगळ्या डब्यात काढून लांब केबलने जोडले. एचटी २५० व्होल्टचा आहे, म्हणून त्या केबलला कुलूपबंद कनेक्टर आणि डब्यात डिस्चार्जचा रेझिस्टर, यावर तडजोड नाही. इनपुटचा नग म्यूमेटलच्या डबीत असला तरी दिशा बघावी लागतेच. स्क्रू घट्ट करायच्या आधी हेडफोन लावून, गेन पूर्ण चढवून, डबी बोटाने हळूहळू फिरवली. एका ठिकाणी गुणगुण एकदम खाली बसते, पाच-दहा अंश पुढे गेलं की पुन्हा वर येते. तिथेच पेन्सिलने खूण करून भोक पाडलं. शेजारचे माग सुरू असताना केलं, मुद्दामच. शांत वेळेला साधलेला कोन मागांच्या वेळी फसण्याची शक्यता होती.

एकूण गेन ६० डीबीच्या आसपास आला. २० डीबी इनपुट ट्रान्सफॉर्मरचा, बाकी व्हॉल्व्हचा, त्यातून आउटपुटला १४ डीबी परत जातात. मायक्रोफोनच्या जागी १५० ओमचा रेझिस्टर लावून १ मिलिव्होल्टच्या पातळीला पूर्ण साखळी मोजली. खाली २५ हर्ट्झला १ डीबी उतार, वर १८ किलोहर्ट्झला १ डीबी. यातला वरचा उतार बहुतांशी आउटपुटचा, म्हणजे स्थानिक नगाचा. आणखी एकदा भाग पाडून, चार थरांत गुंडाळला तर सुधारेल. दुसऱ्या चॅनेलचा आउटपुट तसा करून द्यायला काका तयार आहेत, फक्त ऊस तुटून पंपांची कामं कमी झाल्यावर. दुसरा इनपुट तोवर फोममध्ये, त्याच्या मूळ डब्यात, मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूरच्या कपाटात ठेवला आहे.